शुक्रवारची उपासना

आमच्या घरी गुरुवारी संध्याकाळी जेवायला हमखास उशीर व्हायचा, कारण त्या दिवशी पपा स्वयंपाकघरात बसून रविवारच्या उपासनेचा क्रम लिहायचे. पपा शाहूपुरीच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या चर्चचे पाळक होते. चर्चच्या आवारातच आमचं घर, दोन खोल्या आणि एक लांबोळकं स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत कायम कुणीतरी येऊन बसलेलं असायचं. कुणाचं लग्न जमलेलं, कुणाचं मोडलेलं, कुणाला नुसताच चहा प्यायचा असलेला. त्यामुळे डोकं शांत ठेवून विचार करायचा तर पपांना स्वयंपाकघराशिवाय जागा नव्हती. आई शाळेत शिक्षिका होती. तिच्याकडच्या जुन्या उत्तरपत्रिकांतली कोरी पानं पपा जपून ठेवत आणि त्यांवर दोन पेनांनी लिहीत. पाळकानं जे करायचं ते निळ्या शाईत, मंडळीनं जे करायचं ते लाल शाईत. लिहून झालं की कागद हातभर लांब धरून बघत आणि मला म्हणत, "एस्तू, लाल कमी झालंय. लोक काय नाटक बघायला येतात?" मग एखादी निळी ओळ खोडली जाई, तिथं एक गीत येई किंवा सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना येई, आणि पपांचं समाधान होई.

आई शिरोळकडची. तिचं बोलणं शाळेत एक आणि घरात दुसरं. घरात ती लसूण सोलता सोलता पपांच्या कागदाकडं तिरक्या नजरेनं बघायची.

"तीन शास्त्रपाठ?"

"हो. बायबलातले तिन्ही उतारे एकमेकांना जोडलेले आहेत."

"असू देत की. बायका शेगडीवर मटण ठेवून आलेल्या असत्यात. दोन करा."

"शास्त्रपाठ म्हणजे काय कांदा आहे, कमी घातला तरी चालतो असा?"

"कांदा कमी घातल्याला चालत न्हाय," आई म्हणायची, "शास्त्रपाठ चालतो."

पपा चिडल्यासारखं करून शेवटी दोनच ठेवायचे. आज मी स्वतः पाळक आहे, निवृत्तीला थोडीच वर्षं उरलीत, आणि उपासना कशी बांधायची हे मला सेमिनरीत बऱ्याच पुस्तकांतून शिकवलं गेलं. पण तिसरा शास्त्रपाठ लिहायला घेतला की अजून लसणाचा वास येतो आणि माझा हात थांबतो.

मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि चर्चमध्ये पेटी वाजवायचे. गीतं निवडायचं काम माझं. पपांनी शिकवलं होतं की माणूस बाकावर येऊन बसला म्हणजे तो आला असं नाही; त्याचं मन अजून दुधाच्या रांगेत असतं, पोराच्या तापात असतं. म्हणून पहिलं गीत सगळ्यांना पाठ असलेलं हवं, म्हणजे तोंड गात असताना मन मागून येऊन पोचतं. पापांच्या कबुलीच्या प्रार्थनेनंतर लगेच दणदणीत गीत नको, माणसाला श्वास घेऊ द्यावा. दानाच्या वेळी लांब गीत घ्यावं, कारण थैली शेवटच्या बाकापर्यंत जायला वेळ लागतो. असल्या बारीकसारीक गोष्टी. रविवारी सकाळी आई सात वाजताच मटण शिजत टाकून यायची. आमचं स्वयंपाकघर चर्चच्या खिडकीला लागून, त्यामुळं उपदेश अर्ध्यावर आला की तांबड्या रश्श्याचा वास वेदीपर्यंत पोचायचा, आणि पुढच्या बाकावरचे लोक पपांकडं जरा जास्तच कळवळून बघायला लागायचे.

पहिल्याच बाकावर, मधोमध, रणपिसे सर बसायचे. निवृत्त हेडमास्तर आणि मंडळीचे सेक्रेटरी. इस्त्रीचा पांढरा सदरा, छत्री बारा महिने. चर्चची सगळी शिस्त त्यांच्या खांद्यावर होती. उपासना साडेआठला म्हणजे साडेआठला. कोण उशिरा आलं, कुणाचं पोर रडलं, उपदेश किती मिनिटं चालला, सगळं त्यांच्या वहीत. पपांना त्यांच्याबद्दल आदर होता आणि थोडी भीतीही. आई त्यांना घाबरत नसे, पण ते आले की पदर सारखा करून चहात दूध जास्त घालायची.

इचलकरंजीचं प्रकरण सुरू झालं ते याकोबकाकांमुळं. याकोबकाका आणि मार्थाकाकू आमच्याच मंडळीतले. काका यंत्रमागावर कामाला लागले आणि दोघं इचलकरंजीला राहायला गेले. तिथं मागांवर काम करणारी आपली आणखी माणसं त्यांना भेटली, काही सोलापूरकडची, काही पार कर्नाटकातली. सगळी मिळून अकरा. काका एकदा पपांना म्हणाले, "पाळकसाब, आमी रविवारी येऊ शकत न्हाय. पाळी असती. तुमीच या की महिन्यातनं एकदा." पपा लगेच हो म्हणाले. पपांना नाही म्हणता यायचंच नाही.

पहिल्या रविवारी दुपारी पपा आणि मी एसटीनं गेलो. पेटी माझ्या मांडीवर. काकांची खोली कारखान्याच्या भिंतीला टेकून होती, पुढं पत्र्याचा मांडव. भिंतीपलीकडं वीस माग चालू. ज्यांनी माग ऐकलेला नाही त्यांना तो आवाज सांगून कळणार नाही. तो कानानं नाही, दातांनी ऐकू येतो. पाळी सुटलेली चार माणसं आली, केसांत आणि भुवयांत कापसाची पांढरी धूळ. पपांनी गीत सांगितलं. मी पेटीवर सूर धरला. तो मलाच ऐकू येईना. माणसं मात्र गायला लागली, प्रत्येकजण आपापल्या सुरात, आपापल्या वेगात, जीव तोडून. पपांनी वीस मिनिटं उपदेश केला. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. माणसं भक्तिभावानं त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. शेवटी याकोबकाकांनी पपांचा हात धरून सांगितलं, "लई छान झालं, पाळकसाब. कायबी कळालं न्हाय."

घरी आल्यावर पपांनी बसल्या घशानं आईला सगळं सांगितलं. सगळ्यात वाईट वाटलेली गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. त्या माणसांना नुसत्या आवाजामुळं ऐकू येत नव्हतं असं नाही; वर्षानुवर्षं मागावर उभं राहून त्यांचे कानच गेले होते. माग बंद असते तरी निम्म्यांना काही ऐकू आलं नसतं.

आईनं त्यांच्यापुढं हळद घातलेलं दूध ठेवलं. "त्यांना सुट्टी कधी असती?"

"शुक्रवारी. त्या भागात शुक्रवारी वीज बंद असते, म्हणून मागही बंद."

"मग शुक्रवारी जावा."

"अगं, उपासना शुक्रवारी?"

"का? शुक्रवारी देव घरात नसतो व्हय?"

पपा हसले आणि दूध नाकात जाऊन बराच वेळ खोकत राहिले. पण रणपिसे सर हसले नाहीत. पंचांच्या बैठकीत ते म्हणाले, "रविवार हा प्रभूचा दिवस आहे, पाळकसाहेब. आज चार माणसांसाठी शुक्रवार केलात, उद्या आणखी कुणासाठी मंगळवार कराल. शिस्त एकदा सैल झाली की झाली." पपांनी दर शुक्रवारी जायला सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. सर म्हणाले, सहा महिन्यांनी मी स्वतः येऊन बघेन आणि मग बैठकीत ठरवू.

ते सहा महिने माझ्या तरुणपणातले सगळ्यात मजेचे दिवस होते. शुक्रवारी माझं कॉलेज साडेदहाला सुटायचं. मी पपांच्या आधीच गाडी पकडून जायचे आणि मार्थाकाकूंजवळ बसायचे. मार्थाकाकू कारखान्यात कांडी भरायच्या, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या लहान नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. शुक्रवारी त्यांचे हात मोकळे असायचे, पण गप्प बसायचे नाहीत. मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही म्हणून तिथल्या माणसांनी हातांचं एक बोलणंच तयार केलं होतं. दोन बोटं ओठांशी नेली की चहा. मिशीला पीळ दिला की मालक आला, मग मालकाला मिशी असो वा नसो. तळहात आडवा फिरवला की लाईट गेली. आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी सांगतो', 'मी जातो' असंच म्हणतात, तशा काकू म्हणायच्या, "बस हितं. सगळं शिकवतो मी तुला. कालिजात शिकवत नसत्यात असलं."

एकदा मी त्यांना विचारलं, "काकू, पाप कसं सांगायचं?"

त्यांनी थोडा विचार केला. मग दोन्ही हातांच्या तर्जन्या एकमेकींना टेकवून झटकन दूर केल्या. "धागा तुटला. ही खूण दिवसाला शंभर वेळा व्हती आमच्यात."

"आणि क्षमा?"

"त्ये सोपं हाय. समज मी च्या प्यायला गेलो आणि माझा धागा तुटला. शेजारचा बघतो, स्वतःचा माग सोडून येतो, माझा धागा जोडतो, आणि लांबनंच मला असं करतो." त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळली, बारीक गाठ मारल्यासारखी, आणि मग बोट माझ्याकडं केलं. "तुझा जोडला. जा, च्या पी निवांत."

हे मी पपांना सांगितलं तेव्हा ते एसटीच्या सीटवर ताठ बसले. तिकीट काढायला आलेल्या कंडक्टरलाही त्यांनी ते करून दाखवलं. म्हणाले, क्षमेवर मी तेवीस वर्षं बोलतोय आणि इतकं नीट मला एकदाही सांगता आलं नाही. देवासाठी कुठली खूण घ्यायची यावर मात्र दोन शुक्रवार वाद झाला. याकोबकाकांनी मिशीला पीळ दिला. पपा म्हणाले, "छे छे, मालकाची खूण देवाला? मंडळी पळून जाईल." शेवटी काकूंनी एका हाताचा तळवा डोक्यावर धरला, उन्हात पोराच्या डोक्यावर धरतात तसा. सगळ्यांना ते पटलं. मग मी उपासनेचा क्रम नव्यानं लिहिला. बाक नकोत, सगळ्यांनी गोल बसायचं, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड आणि हात दिसतील. कबुली हातांनी. शास्त्रपाठ एकानं सावकाश, ओठ स्पष्ट हलवून वाचायचा आणि मी तो हातांनी सांगायचा. गीताचा ठेका मी पाय आपटून द्यायचा. पपांनी कागद लांब धरून बघितला. सगळा लालच लाल होता, निळ्या शाईत दोनच ओळी, एक उपदेशाची, एक आशीर्वादाची. तो कागद त्यांनी स्वतःच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, घडी करून ठेवला.

मंडळीत तोवर कुजबुज सुरू झाली होती. कुणी त्याला 'मुक्यांची उपासना' म्हणालं, कुणी म्हणालं पाळकसाहेब तिकडं हातवारे करायला जातात आणि इकडं आजाऱ्यांना भेटायला वेळ नाही. सहा महिने भरले. सरांनी निरोप धाडला, या शुक्रवारी येतो, आणि रविवारी बैठकीत अहवाल देतो.

त्या शुक्रवारी मी कॉलेजला गेलेच नाही. सर छत्री आणि वही घेऊन आमच्या दारात हजर झाले, आणि पाठोपाठ मंडळीतल्या एका म्हाताऱ्या आजींचा नातू धावत आला. आजींना दवाखान्यात नेलंय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, त्या पाळकसाहेबांचं नाव घेतायत. पपा एक क्षण उभे राहिले. मग त्यांनी चप्पल घातली.

"सर, तुम्ही एस्तेरबरोबर पुढं व्हा. मला आजींकडं गेलं पाहिजे."

"मग उपासना?"

"एस्तेर चालवेल."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी शाळेला निघालेल्या आईकडं बघितलं. सर म्हणाले, "पाळकसाहेब, ही एकोणीस वर्षांची मुलगी आहे."

"क्रम तिनंच बांधलाय. मी आलो असतो तरी तिच्या हातांकडं बघूनच चाललो असतो," पपा म्हणाले आणि गेले. (त्या आजी, पपा पोचल्यावर, उठून बसल्या, शिरा मागितला, आणि पुढं आणखी सहा वर्षं जगल्या. पपा म्हणायचे, माझ्या सेवेतला एकमेव चमत्कार, आणि त्यातही श्रेय शिऱ्याचं.)

एसटीत सरांनी वही काढून तारीख घातली. मी मनात क्रम घोकत होते, आणि पेटी मांडीवरून दोनदा निसटली. मांडवात पोचलो तर माणसं आधीच गोल बसलेली. अकराची आता छत्तीस झाली होती. बायका, पोरं, शेजारच्या खोल्यांतली हिंदू आणि मुसलमान कामगार मंडळीही कधीमधी येऊन बसत, कारण दुसरीकडं कुठं त्यांच्या हातांच्या बोलण्यात कुणी काही सांगत नसे. सरांसाठी काकूंनी खुर्ची मांडली. सरांनी चौकस नजरेनं गोल पाहिला, खुर्ची मागं सारली आणि गोलातच, धोतर सावरत, सतरंजीवर बसले. वही उघडून मांडीवर ठेवली.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. पोपटासारखं पाठ केलेलं सगळं गेलं. घशातून कसलातरी चिरका आवाज आला आणि मला लाजेनं मरावंसं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं की कुणीच हसलेलं नाही. तो चिरका आवाज कुणाला ऐकूच आला नव्हता. सगळे माझ्या हातांकडं बघत होते, शांतपणे, कामावर माणूस शेजाऱ्याच्या खुणेची वाट बघतो तसे. मी तळवा डोक्यावर धरला. छत्तीस तळवे डोक्यावर गेले. मी पाय आपटून ठेका दिला आणि गीत सुरू झालं, वेडंवाकडं, पण एका ठेक्यात. तिथून पुढं मला भीती वाटली नाही. आजतागायत मला उपासनेपूर्वी भीती वाटते ती पहिल्या गीतापर्यंतच, ते त्या दिवसापासून.

कबुलीची वेळ आली. सगळ्यांनी बोटं टेकवली आणि दूर केली. धागा तुटला. मग प्रत्येकानं शेजाऱ्याकडं वळून गाठ मारायची होती. सरांच्या शेजारी मार्थाकाकू होत्या. सर गोंधळून इकडंतिकडं बघत होते. काकूंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, अंगठा आणि बोट चोळलं, आणि बोट सरांच्या छातीकडं केलं. सरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

पुढं शास्त्रपाठ सुरू झाला, आणि नेमक्या त्याच वेळी भिंतीपलीकडं जनरेटर लागला. कुणाला तरी घाईची ऑर्डर पुरी करायची होती. एकामागून एक आठ माग सुरू झाले. पत्रा थरथरायला लागला. मी दचकले, सर दचकले. दचकणारे आम्ही दोघंच होतो. याकोबकाका शास्त्रपाठ वाचत होते, ते वाचतच राहिले. त्यांचे ओठ सावकाश हलत होते, माझे हात चालू होते, आणि सगळे एक एक वीत पुढं सरकून बसले, बस्स. मेंढपाळाचं स्तोत्र होतं. हिरवं कुरण मी दोन्ही तळहात पसरून दाखवलं. उपदेश मी नऊ-दहा वाक्यांचा केला. आवाजाची गरजच नव्हती, म्हणून एकदाही ओरडले नाही. मी सरांकडं बघितलं तर ते पुढं वाकून, डोळे बारीक करून माझ्या हातांकडं बघत होते. वही मिटलेली होती.

शेवटी अडलं. उपासना संपली, आता आशीर्वाद. आशीर्वाद दीक्षा झालेल्या पाळकानंच द्यायचा असतो. मी थांबले. माणसंही थांबली. कुणी उठेना. काकू हातानंच म्हणाल्या, राहिला की. मी सरांजवळ जाऊन वाकले आणि त्यांच्या कानाशी ओरडले, "सर, मला अधिकार नाही. काय करू?"

आता सर नियम काढणार असं मला वाटलं. ते माझ्याकडं बघत म्हणाले, किंवा त्यांचे ओठ म्हणाले, "तुम्हांवर म्हणू नकोस. आपल्यावर म्हण." नियमच होता तो, खराखुरा, दीक्षा नसलेल्यानं 'आपल्यावर' म्हणून मागायचं. मी मध्ये उभी राहिले, तळवा वर धरला, आणि मग तो सगळ्यांवरून गोल फिरवत शेवटी माझ्या स्वतःच्या डोक्यावर आणला. सगळ्यांनी तसंच केलं. सरांनीही केलं.

मग चहा झाला, काकूंच्या हातची खमंग कांदाभजी झाली, आणि आम्ही परतीच्या गाडीत बसलो. हातकणंगल्यापर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "एस्तेर, त्या बाईंनी मला ते बोटांनी काय केलं?"

मी तशीच बोटं चोळून दाखवली. "तुमचा तुटलेला धागा जोडला, सर."

त्यांनी छत्री पायांशी उभी केली. म्हणाले, "मला दोन वर्षं झाली, पाळकसाहेबांचा उपदेश ऐकू येत नाही. बाकीचे उभे राहिले की मी उभा राहतो. बसले की बसतो. आमेन अंदाजानं म्हणतो. आज दोन वर्षांनी मी एक पूर्ण उपासना केली." आणि मग, "हे घरी कुणाला सांगू नकोस. सेक्रेटरीला ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

हे गुपित त्यांनी, कान गेलेली माणसं बोलतात तसं, इतक्या मोठ्यानं सांगितलं की पुढच्या सीटवरचे दोघं वळून बघायला लागले आणि मागून कुणीतरी म्हणालं, "पावणं, डॉक्टरला दाखवा की एकदा!" सरांना तेही ऐकू गेलं नाही. मी तोंडावर बोट ठेवून मान हलवली. नाही सांगणार.

सांगितलं नाही. आई खोदून खोदून विचारत होती, सर काय म्हणाले, वहीत काय लिहिलं, तोंड कसं होतं. मी भाजी निवडत राहिले. शनिवारी आईनं आपला राग कणकेवर काढला. पपांनी चेहरा शांत ठेवला, पण गुरुवारी लिहिलेल्या क्रमाची प्रत काढताना त्यांनी चुकून एकच गीत दोनदा लिहिलं.

बैठक रविवारी उपासनेनंतर होती. तिथं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते: शुक्रवारची उपासना चालू राहिली, याकोबकाका गाव सोडून जाईपर्यंत, नऊ वर्षं. तो ठराव सरांनीच मांडला. पण मला सांगायचंय ते बैठकीच्या आधीचं. पपा तीन पायऱ्या चढून व्यासपीठावर उभे राहिले, उपदेश सुरू केला, पाचेक मिनिटं झाली असतील, आणि पहिल्या बाकावरून रणपिसे सर उठून उभे राहिले. चर्चमध्ये उपदेशाच्या मध्येच असं कुणी कधी उभं राहिलेलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता शुक्रवारचं निघणार, सगळ्यांसमोर.

"पाळकसाहेब, थांबा," सर म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही जरा खाली या, आणि तोंड दिसेल असं उभं राहून बोला."

मग मागच्या बाकावरून एका म्हातारीचा आवाज आला, "मलाबी न्हाय ऐकू येत, पाळकसाब." डाव्या बाजूनं कुणी म्हणालं, "आमाला तर हितनं लई लांब पडतंय, तोंडबी दिसत न्हाय." आणखी एक बाई, अगदी हळू, "मला वाटलं, मला एकटीलाच."

पपांनी आपले कागद गोळा केले. तिन्ही पायऱ्या उतरून ते बाकांच्या मधल्या वाटेत आले, सगळ्यांच्या इतक्या जवळ की पुढच्यांना पाय आत घ्यावे लागले. त्यांनी सरांकडं तोंड केलं.

"आता?"

"आता येतंय," सर खाली बसत म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."

आणि पपांनी पहिल्यापासून सुरुवात केली.